कुंदामावशींचं ‘समजा’

कुंदामावशी भित्र्या आहेत, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना आधी सांगून टाकतात. नवीन माणूस भेटला की आपण नाव सांगतो, गाव सांगतो. त्या म्हणतात, “मी कुंदा ठोसर, मूळची अकोल्याची, आणि मी फार घाबरट आहे हं.” समोरचा हसतो. त्याला वाटतं, बाई विनयानं बोलतायत. मग एखादा दिवस त्यांच्याबरोबर काढला की त्याचं हसू मावळतं.

त्या कुत्र्यांना घाबरतात, लिफ्टला घाबरतात, विमान धावपट्टीवरून उठताना शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरतात. पण सगळ्यात जास्त घाबरतात त्या बॅटरीला. आणि जन्मभर काम केलं ते बॅटऱ्यांचंच. सांता क्लाराच्या एका कंपनीत मी त्यांच्या हाताखाली होतो. नवी बॅटरी बाजारात जाण्याआधी ती कुठे कुठे दगा देऊ शकते हे शोधायचं, असं त्यांचं काम. म्हणजे बाईंना घाबरण्याचाच पगार मिळत होता, असं आम्ही पाठीमागे म्हणायचो. पाठीमागे म्हणजे लंचच्या टेबलावर, त्यांच्याच डब्यातलं वांग्याचं भरीत खाता खाता.

मीटिंगमध्ये त्यांचं प्रत्येक वाक्य ‘सपोज’नं सुरू व्हायचं. सपोज हा स्क्रू सैल राहिला. सपोज खोलीत कोणी नाहीये. सपोज आहे, पण त्याला धूर दिसत नाहीये. मोठमोठ्या मॅनेजरांचे चेहरे पडायचे. आम्ही मराठी मंडळींनी त्यांचं नाव ‘समजामावशी’ ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

त्यांच्या कामाच्या पद्धती मात्र हसण्यासारख्या नव्हत्या. बॅटरीपाशी जाण्याआधी त्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र उतरवून एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवायच्या. डावा हात पाठीमागे. काम करायचं ते फक्त उजव्या हातानं, कारण दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. मोठा स्विच टाकताना समोर उभं राहायचं नाही. बाजूला उभं राहायचं, तोंड फिरवायचं, मग टाकायचा. नवी सिस्टीम पहिल्यांदा सुरू होईपर्यंत त्या अन्नाचा कण खात नसत. उपास आहे का, असं मी एकदा विचारलं. “नाही रे,” त्या म्हणाल्या, “पोटात जागा कुठाय? भीतीनं भरलंय ना.”

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. हे सगळं ‘समजा’ फक्त इंग्रजीत चालायचं. मराठीत बोलताना त्यांच्या तोंडून वाईट शब्द म्हणून निघत नसे. घरी जायला निघाल्या की ‘येते’ म्हणायच्या, ‘जाते’ कधीच नाही. तसं आपल्याकडे सगळ्याच बायका म्हणतात. पण यांच्याकडे बांगडी फुटत नसे, वाढत असे. आणि लॅबमधली एखादी बॅटरी पार निकामी झाली, तर त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, “समीर, ही वाढली बाबा.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना.

मग ते लॅबचं प्रकरण झालं. एका मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या होत्या की सपोज टेस्ट चेंबरचं दार कोणी उघडतंय आणि नेमका त्याच वेळी आतला सेल फुटला, तर? कोणीतरी जांभई दिली. पुढच्याच आठवड्यात तस्संच झालं. एका टेक्निशियनचे दोन्ही हात भाजले. मग सगळी कंपनी म्हणायला लागली, कुंदा वॉज राइट, कुंदाला आधीच कळलं होतं. दुसरा कोणी असता तर कॉलर ताठ करून फिरला असता. मावशी पार्किंग लॉटमध्ये आपल्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेलो तर त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“मी बोलले आणि झालं,” त्या म्हणाल्या.

“मावशी, तुम्ही इंजिनीअर आहात. असं कसं बोलता?”

“मीटिंगमध्ये आहे रे इंजिनीअर. पण आई सांगायची, घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. दिवेलागणीला तर आम्हाला भांडायचीसुद्धा चोरी होती. मला वाटायचं इंग्रजीत बोललं की चालतं. ते कामाचं बोलणं, ते कोणी ऐकत नाही. मराठीत मी आजवर एक अशुभ शब्द काढला नाही, आईशपथ. आता इंग्रजीचीपण भीती वाटायला लागली.”

मी हसलो नाही. कारण त्यांच्या हातातला चहा कपाच्या काठावरून सांडत होता.

रिटायर झाल्यावर त्या ईडन प्रेरीला मुलीकडे जातील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मुलीनं खालची खोलीसुद्धा लावून ठेवली होती. त्या गेल्या ॲरिझोनात. तिथे उत्तरेला नवाहो या मूळ रहिवासी लोकांचा मोठा मुलूख आहे. माळरान, लाल खडक, आणि मैल-मैल अंतरावर एकेकटी घरं. त्यातल्या कितीतरी घरांना वीज नाही. गंमत अशी की मोठ्या शहरांना वीज नेणाऱ्या तारा त्यांच्याच डोक्यावरून जातात. उंच मनोरे, जाड तारा, आणि खाली घरात रॉकेलचा दिवा. एक छोटी संस्था अशा घरांवर सोलर बसवून द्यायची, आणि तिला बॅटऱ्यांमधलं कळणारं कोणीतरी हवं होतं. मुलीनं फोनवरून रडून पाहिलं. “आई, धिस इज क्रेझी. यू आर अफ्रेड ऑफ एव्हरीथिंग!” मावशी म्हणाल्या, “म्हणूनच तर बोलावलं मला.”

त्याच सुमारास माझी नोकरी गेली होती. मी घरी बसून लोकांना रेझ्युमे पाठवत होतो. त्यांचा फोन आला. “रिकामा आहेस ना? मग इकडे ये. मला एकटीला भीती वाटते.” मी एक हिवाळा त्यांच्याबरोबर काढला. लिहायचं आहे ते त्या हिवाळ्याबद्दल.

काम तसं साधं. घराशेजारी जमिनीवर लोखंडी चौकट उभी करून त्यावर पॅनल, एका कुलूपबंद कपाटात बॅटऱ्या, आणि त्या विजेवर घरातले दिवे, छोटा फ्रिज, फोनचा चार्जर. मावशी हे सगळं पुन्हा पुन्हा तपासायच्या. पण जिथे घरात ऑक्सिजनचं मशीन असायचं तिथे त्यांचा चेहराच बदलायचा. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं मशीन. दिवा गेला तर माणूस अंधारात बसतो. हे मशीन बंद पडून चालत नाही. अशा घराच्या बॅटरीची चौकशी त्या दिवसातून अनेकदा करायच्या.

असं एक घर एका आजींचं होतं. आम्ही दोघं त्यांना आजीच म्हणायचो. त्यांचं खरं नाव मी इथे देत नाही. वस्तीपासून लांब, नाले ओलांडून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं आठ कोनांचं लाकडी घर, दार पूर्वेला. तिकडे अशा घराला होगन म्हणतात. शेजारच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. तोही म्हातारा, पायांनी अधू, डायबेटिसचा पेशंट, त्याचं इन्सुलिन आजींच्या फ्रिजमध्ये. आजींची मुलगी लोरेन गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, शनिवार-रविवार यायची. आजींना इंग्रजी फारसं येत नव्हतं, त्यामुळे आमचं बोलणं सगळं लोरेनमार्फत.

मला तिथे पहिल्यांदा घेऊन जाताना मावशींनी ताकीद दिली होती, की पोचल्यावर गाडीतून उतरायचं नाही आणि दारावर टकटक करायची नाही. तिकडची रीत अशी की पाहुण्यानं गाडी लांब उभी करून आत बसून राहायचं. घरच्यांना गाडी दिसते, त्यांना वाटलं की ते बाहेर येतात. नाही आले तर समजायचं आज नको, आणि परत फिरायचं. मावशींना ही रीत मनापासून आवडली होती. कारण गाडीभोवती तीन-चार कुत्री भुंकत फिरत होती. “बघ किती शहाणे लोक आहेत,” त्या काच घट्ट लावत म्हणाल्या.

मग दारावर पडद्यासारखी लावलेली गोधडी बाजूला झाली आणि आजी बाहेर आल्या. मखमली पोलकं, डोक्याला रुमाल, गळ्यात निळे खडे, आणि नाकाला नळी. ती पारदर्शक नळी त्यांच्या मागे घरातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरपर्यंत गेलेली. त्यांनी हात नाही केला, नुसते ओठ पुढे काढून घराकडे वळवले. म्हणजे आत या.

सिस्टीम बसवून झाली आणि मग मुख्य अडचण आली. नियमाप्रमाणे घरच्यांना सगळे धोके समजावून सांगायचे असतात. मावशींनी तयारी केली होती. आठवडाभर त्या मनात ‘सपोज’ घोळवत होत्या. आजी मेंढीच्या कातड्यावर बसल्या, आम्ही स्टुलांवर. मावशींनी सुरुवात केली, “सपोज सलग बर्फ पडला, बॅटरी उतरली आणि मशीन बंद झालं, तर यू कुड...”

लोरेननं भाषांतर केलं नाही.

“प्लीज टेल हर,” मावशी म्हणाल्या.

“नाही सांगणार,” लोरेन म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “आमच्यात असं बोलत नाहीत. तिला तर नाहीच, आणि तिच्या घरात बसून तर नाहीच नाही. बोललेलं होतं. तुम्ही तिच्यासाठी ते बोलावून आणताय.”

मी मावशींकडे पाहिलं. मला वाटलं, आता नियम सांगतील, सही लागते वगैरे. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मांडीवरचे हात त्यांनी उचलून दोन्ही कानांना लावले, आपण चूक झाली की लावतो तसे. आजींना गंमत वाटली असावी. त्या हसल्या.

बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाल्या, “अरे, ही तर माझी आई बोलली.”

वाट लोरेननंच सुचवली. ती म्हणाली, आईबद्दल बोलू नका. दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट सांगा. आमचे जुने लोक तसंच सांगतात. ती ऐकेल आणि घ्यायचं ते घेईल.

मग कुंदामावशींनी जी गोष्ट सांगितली तशी मी त्यांच्याकडून पूर्वी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या गावी, अकोल्याला, एक बाई होती म्हणे. तिच्याकडे अस्सच मशीन होतं. अकोल्यात बर्फ नसतो, पण पावसाळ्यात ढग हटत नाहीत. बाई मोठी हुशार. सकाळी उठली की आधी बॅटरीच्या कपाटावरचा दिवा बघायची, हिरवा आहे की लाल. लाल झाला की टीव्ही बंद, पंखा बंद, जे जे बंद करता येईल ते सगळं बंद. पॅनलवर पानं पडली की लांब झाडूनं झाडायची. कपाटाचा भोंगा ओरडायला लागला तर ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर उघडायचा आणि शेजारणीला हाक मारायची, हेही तिला ठाऊक होतं. शेजारीण जरा कजाग होती, पण यायची. मावशी हातवारे करत होत्या, शेजारणीचा आवाज काढत होत्या. लोरेन भराभर भाषांतर करत होती आणि आजी तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. पुढे प्रत्येक भेटीत आजींचा पहिला प्रश्न ठरलेला, अकोल्याची बाई कशी आहे? आणि मावशी तिच्या सुनेच्या नवनवीन भानगडी सांगायच्या.

मला तेव्हा वाटलं, किती छान जमलं. मावशींना मात्र ते पुरतं पटलं नव्हतं. परत येताना त्या बोटांवर एकेक मुद्दा मोजत होत्या. “सगळं सांगितलं ना मी?” त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, सगळं सांगितलं.

संस्थेच्या ऑफिसात, म्हणजे हायवेलगतच्या गावातल्या दोन खोल्यांत, एका कॉम्प्युटरवर प्रत्येक घरात किती वीज वापरली जातेय त्याची रेघ दिसायची. ज्या घरी मशीन नाही तिथली रेघ दिवसभर खालीवर नाचायची. आजींच्या घरची रेघ जवळजवळ सरळ असे, कारण मशीन सतत चालू. मावशी ऑफिसात आल्या की कोटही न काढता आधी ती रेघ बघायच्या. मला म्हणायच्या, “आहे रे, आहे.” मीही हळूहळू तसंच करायला लागलो. कोणाचा श्वास असा पडद्यावर बघत बसणं फार वाईट. एकदा सवय लागली की डोळे दुसरीकडे जात नाहीत.

थंडीत एक मोठं वादळ आलं. बर्फ थांबेचना. पॅनल झाकले गेले असणार हे दिसत होतं, कारण उन्हापासून येणारी वीज नाहीशी झाली होती. बॅटरी उतरत चालली. रस्ता बंद. लोरेन गावातच अडकली होती, ती येऊन आमच्या ऑफिसात बसली. तिकडे फोन लागत नाही, पडद्यावरची माहिती तेवढी सॅटेलाइटवरून यायची. आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसलो होतो. सकाळची वेळ होती, हीटर चालू होता आणि तरी मावशींनी कोट काढला नव्हता.

आणि आमच्या डोळ्यांदेखत रेघ खाली आली. एकदम. तळाशी नाही गेली, तळापासून थोडी वर थांबली. त्यानंतर बॅटरी वाचवण्यासाठी असेल किंवा बर्फामुळे असेल, माहिती यायचीच बंद झाली. पडद्यावर तो शेवटचा तुकडा तसाच राहिला.

मशीन बिघडलं? वायर तुटली? की मशीन लागणारं माणूसच... लोरेन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मावशींकडे पाहिलं. आयुष्यभर जी बाई वाईटातलं वाईट आधी बोलून दाखवायची, तिनं ओठ आत ओढून दातांखाली धरले होते. त्या दिवशी त्यांनी ‘सपोज’ म्हटलं नाही. ती शांतता मला अजून आठवते आणि अजून भीती वाटते.

रस्ता मोकळा व्हायला वेळ लागला. त्यात बर्फ वितळून चिखल झाला, आणि तिकडच्या चिखलात गाडी रुतली की संपलंच. तिथली माणसं म्हणाली, पहाटे चिखल गोठलेला असतो, तेव्हा निघा, ऊन चढायच्या आत पोचा. तसं केलं. मागे छोटा जनरेटर आणि नवे सिलिंडर टाकले, पुढे आम्ही तिघं. मावशी मध्ये. गाडी कुठे घसरली की त्या माझा दंड धरायच्या. मला त्यांची नखं लागत होती.

घर दिसलं. धुराड्यातून धूर येत नव्हता. पॅनलवरचा बर्फ अर्धा झाडलेला, अर्धा तसाच. कुत्री दिसली नाहीत. मी गाडी नेहमीच्या जागी उभी केली आणि दार उघडायला हात घातला, तर मावशींनी मनगट धरलं.

“थांब.”

“मावशी, आत्ता?”

“थांब म्हणते ना.”

मी लोरेनकडे पाहिलं. तिचं स्वतःचं घर, तिची आई. तीही बसून राहिली. नुसती दाराकडे बघत. मला तेव्हा दोघींचा राग आला. नंतर कळलं की दोघींना एकच वाटत होतं. आपण होऊन दारात गेलो तर जे मनात आहे ते बरोबर घेऊन जाऊ, आणि आजी उठून बाहेर आल्या तर त्या आहेत. जोवर गाडीत आहोत तोवर काही झालेलं नाही. इंजिन बंद केल्यावर काचेवर वाफ धरायला लागली. मावशी बाहीनं ती पुसत होत्या, पुन्हा धरत होती, पुन्हा पुसत होत्या. माझ्या आजोबांच्या दहनाच्या दिवशीसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

गोधडी हलली.

आजी दारात आल्या. चौकट धरून उभ्या होत्या. लोरेन धावत सुटली. मावशी उतरल्या, आणि दोन पावलांवर थांबल्या, कारण त्यांना जे दिसलं ते मलाही दिसलं. आजींच्या नाकाला नळी नव्हती. ओठ जांभळट झाले होते आणि खांदे प्रत्येक श्वासाबरोबर वर जात होते.

आत मशीन बंद होतं. बिघडलेलं नव्हतं, बटण बंद केलेलं होतं. आम्ही आधी नवा सिलिंडर लावला, जनरेटर सुरू केला, शेगडी पेटवली. आजींचा रंग हळूहळू परत आला. मग लोरेननं विचारलं, आणि आजी थांबत थांबत, पण मोठ्या अभिमानानं सांगायला लागल्या. लोरेन सांगत गेली तसा मावशींचा चेहरा उतरत गेला.

कपाटावरचा दिवा लाल झाला तेव्हा आजींनी अकोल्याच्या बाईसारखं केलं होतं. झाडू मारला, पण हात पुरेना आणि धाप लागली. मग जे जे बंद करता येईल ते सगळं बंद केलं. दिवे बंद केले, रेडिओ बंद केला. फ्रिज बंद करता येत नव्हता, त्यात भावाचं इन्सुलिन, आणि बाहेर ठेवलं तर गोठून वाया जाणार. मशीन मात्र बंद करता येत होतं. ते काय, त्यांचं एकटीचं. रात्री झोपताना सिलिंडर लावायचा आणि दिवसभर हलायचं नाही, म्हणजे चालतं. सिलिंडर आदल्या रात्रीच संपला होता. रेघ तळापासून जरा वर का थांबली होती ते आता कळलं. तो फ्रिज होता.

“ती म्हणतेय,” लोरेन म्हणाली, “की तुमच्या बाईला सांगा, मी तिच्यापेक्षा जास्त वाचवलं.”

मावशी खाली बसल्या. गोष्टीत सगळं होतं. दिवा होता, झाडू होता, कजाग शेजारीणसुद्धा होती. मशीन बंद केलं तर काय होतं तेवढंच नव्हतं. ते बोलायचं नाही म्हणूनच तर गोष्ट रचली होती.

“लोरेन, आता तिला सांगावंच लागेल,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“लोरेन, शी विल डू इट अगेन.”

“मला कळतंय.” लोरेनचे डोळे भरले होते. “मी नाही बोलू शकत. माझ्या तोंडून नाही. गोष्टच सांगा ना परत. थोडी बदलून सांगा.”

मावशींनी प्रयत्न केला. आजींसमोर स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, अकोल्याच्या त्या बाईनं एकदा मशीन बंद केलं. लोरेननं ते सांगितलं. आजी लक्ष देऊन ऐकायला लागल्या. आणि मग, मावशी म्हणाल्या, आणि मग... पुढे त्यांना जाता येईना. इतके महिने त्या बाईला जिवंत ठेवलं होतं, तिला सून दिली, भांडणं दिली. आता आजी डोळे मोठे करून विचारत होत्या, मग काय झालं? लोरेननं डोळे मिटून घेतले होते. मावशींच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. मला वाटलं, उठतील आता. म्हणतील, समीर, तू सांग.

त्या उठल्या नाहीत. स्टूल आणखी पुढे सरकवलं, इतकं की दोघींचे गुडघे एकमेकींना लागले. आजींचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. एरवी काम करताना एक हात पाठीमागे ठेवणारी ही बाई. आणि त्या मराठीत बोलायला लागल्या.

आधी मला कळलंच नाही काय चाललंय. त्या ‘आजी’ म्हणाल्या आणि मग सरळ सांगत गेल्या. गोष्ट नाही, दुसरी बाई नाही. तुम्ही, आणि हे मशीन, आणि काय होईल ते. कसं होईल, किती वेळात होईल, कोण केव्हा येऊन बघेल, सगळं. एकही शब्द मऊ केला नाही. बांगडी वाढते म्हणणारी, येते म्हणणारी, आईच्या शपथेवर आयुष्यभर जीभ सांभाळलेली बाई ते शब्द मराठीत बोलत होती. आवाज थरथरत होता, नाकातून पाणी येत होतं, पण थांबली नाही. त्या घरात ते कळणारा मी एकटाच होतो. मला वाटलं उठून बाहेर जावं. तरी ऐकत बसलो.

लोरेनला शब्द कळत नव्हते, तिनं त्यांना थांबवलं नाही. आजींनी तर शब्दांकडे लक्षच दिलं नाही. त्या मावशींच्या तोंडाकडे बघत होत्या. आधी कुतूहलानं, मग हसू गेलं, मग त्यांची नजर मावशींच्या कपाळावर, ओठांवर, हातांवर फिरत राहिली. ही बाई किती घाबरली आहे हे त्या नीट बघून घेत होत्या असं मला वाटलं.

मावशींचं बोलणं संपलं. मशीनचा आणि शेगडीचा आवाज तेवढा राहिला. मग आजी बोलल्या, आपल्या भाषेत, बराच वेळ, हळू आवाजात. मध्येच एकदा फ्रिजकडे ओठ वळवले, एकदा भावाच्या ट्रेलरकडे, एकदा लोरेनकडे. शेवटी हात सोडवून घेतला आणि मशीनच्या बटणावर ठेवला. दाबलं नाही. नुसता झाकून ठेवला, दुसऱ्या कोणी बंद करू नये म्हणून ठेवावा तसा.

“काय म्हणाल्या?” मावशींनी विचारलं.

लोरेननं नकारार्थी मान हलवली. मावशींनी पुन्हा विचारलं नाही.

नंतर आम्ही फ्रिजसाठी वेगळी छोटी बॅटरी आणि वेगळं पॅनल लावून दिलं, म्हणजे भावाचं इन्सुलिन आणि बहिणीचा श्वास यांची एकमेकांत वाटणी नको. ते आधीच सुचायला हवं होतं, असं मावशी दर तासाला म्हणत होत्या. थंडी सरता सरता मला सांता क्लाराला नोकरी मिळाली आणि मी परत आलो. माझ्या डोळ्यांसमोर कुंदामावशी उभ्या राहतात त्या कंपनीतल्या नाहीत, पार्किंग लॉटमधल्याही नाहीत. त्या स्टुलावरच्या आहेत, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतात. मुलगी अजून रागावते म्हणून सांगतात. मी रेघेबद्दल विचारत नाही आणि त्याही आपण होऊन सांगत नाहीत. फोन ठेवताना ‘येते’ म्हणतात, त्यावरून मी ओळखतो, रेघ आहे.

त्या दिवशी त्या काय बोलल्या ते शब्दन्‌शब्द माझ्या लक्षात आहे. हे लिहायला घेतलं तेव्हा शेवटी ते इथे द्यायचे असं ठरवलं होतं. आता इथवर आलो आणि हात पुढे जात नाही. आजी अजून त्याच घरात राहतात, आणि तिकडे पुन्हा थंडी पडायला लागली आहे.